मालक परदेशी, घर राखणदाराकडे

मुले अमेरिकेत आणि आईवडील पुण्या-मुंबईत, अशी कुटुंबे आता अपवादात्मक राहिलेली नाहीत. पर्यटक व्हिसावर तिकडे एका वेळी बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहता येते आणि नातवंडाच्या जन्माच्या निमित्ताने ही मुदत पुरेपूर वापरली जाते. एवढा काळ सदनिकेला कुलूप घालण्यापेक्षा ती शिक्षणासाठी आलेल्या भाचीच्या किंवा बदली होऊन आलेल्या पुतण्याच्या हवाली करणे अनेकांना सोयीचे वाटते. भाडे घ्यायचे नसते. विजेचे आणि गॅसचे बिल राहणाऱ्याने भरावे, इतकेच ठरते. पैशांवरून अशा व्यवहारात सहसा वाद होत नाही. वाद होतो तो काळ्या पडलेल्या कढईवरून, ओट्यामागच्या फरशांवर साचलेल्या तेलकट थरावरून आणि फ्रिजच्या वासावरून. आणि त्यातून धरलेला अबोला पुढच्या लग्नकार्यापर्यंत टिकतो.

ब्रिटन, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत ‘हाउस सिटिंग’ ही रूढ पद्धत आहे. मालक प्रवासाला गेला की अनोळखी व्यक्ती त्याच्या घरात राहते, कुत्र्या-मांजरांची व बागेची निगा राखते आणि त्या बदल्यात तिला निवाऱ्याचा खर्च पडत नाही. घर जसे मिळाले तसे परत करावे, हा तेथील सर्वसाधारण संकेत. आपल्याकडेही ही कल्पना अगदीच नवी नाही. कोकणातील चाकरमान्यांच्या बंद घरांच्या किल्ल्या शेजाऱ्यांकडे असत. केर काढणे, तिन्हीसांजेला दिवा लावणे, पावसाआधी कौले पाहणे हे ते शेजारी करीत. तिथे काय करायचे ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असे. शहरातील सदनिकेबाबत मात्र तसा कोणताही अलिखित नियम नाही, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

मराठी घरात ‘स्वच्छता’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या अपेक्षा दडलेल्या असतात. केर-फरशी, भांडी, न्हाणीघर ही पहिली. दुसरी शुद्धतेची. स्वयंपाकघरात चपला नकोत, देवघराला पारोशाने हात लावू नये, शाकाहारी घराच्या भांड्यांत मासे शिजू नयेत. पहिल्या अपेक्षेबाबत तडजोड होऊ शकते. दुसरीबाबत ती क्वचितच होते. आणि नेमकी तीच बोलायला यजमानांना अवघड वाटते. ‘आपलीच मुलगी आहे, तिला काय सांगायचे’ असे म्हणून ते गप्प राहतात. भाचीने अंड्यांसाठी वेगळा तवा आणला असता; पण तसा तो हवा, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

वापरात असलेल्या घरापेक्षा त्यातील बिनवापराचा भागच राखणाऱ्याला अधिक अडचणीत आणतो. दुसरे न्हाणीघर वापरले नाही, तर नहाणी ट्रॅपमधील पाणी काही आठवड्यांत आटते. ते पाणी म्हणजे गटाराचा वास आणि झुरळे रोखणारे बूच. आठवड्यातून एकदा तिथे तांब्याभर पाणी ओतले तरी भागते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यास सांगितले जाते. कुंड्यांखालच्या ताटल्या, मनीप्लँटची बाटली आणि फ्रिजच्या मागील बाजूचा, सहसा कोणाच्या लक्षात न येणारा पाण्याचा ट्रे रिकामा करून घासला पाहिजे. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कारण भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. पावसाळ्यात तर बंद कपाटांतील रेशमी साड्या, पुस्तके व चामडी वस्तूंवर बुरशी येते. मालक कपाटांना कुलपे लावून किल्ल्या बरोबर नेतात आणि परतल्यावर बुरशीचा दोष राखणाऱ्याला देतात, हे न्यायाचे नव्हे. जे उघडता येत नाही, त्याची जबाबदारीही सोपवता येत नाही.

घरकामाच्या बाईंचा प्रश्न याहून नाजूक. सहा महिने काम बंद ठेवले तर त्यांची मिळकत बुडते आणि त्या दुसरे घर धरतात. परतलेल्या वृद्ध दांपत्याला मग नवी बाई शोधावी लागते. काम चालू ठेवायचे तर पगार कोणी द्यायचा? राहणारा एकटाच असल्यास त्याला चौघांच्या घराचा पगार परवडत नाही. निम्मा मालकाने आणि निम्मा राहणाऱ्याने द्यावा, ही तोड व्यवहार्य ठरते. मात्र ती बाईंनाही आधी सांगायला हवी, आणि त्यांचे कपडे-भांड्यांचे काम कमी होणार असेल तर तेही.

यजमानांकडेही काही बाजू आहे. एक कपाट व फ्रिजचे दोन कप्पे रिकामे करून देणे, ओटा घासून देणे आणि निघण्यापूर्वी प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून दोघांकडे ठेवणे. भिंतीवरील ओलीचा डाग आधीचा की नंतरचा, याचा निकाल अशा छायाचित्राने मिनिटभरात लागतो.

‘राहू दिले तर घर बळकावेल’ ही भीती मालकांच्या मनात असतेच. गोव्यातील एका घरावरून बहीण-भावात झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१२मध्ये स्पष्ट केले, की विनामोबदला राहू दिलेल्या व्यक्तीला किंवा राखणदाराला कितीही वर्षे राहिल्याने मालमत्तेत हक्क मिळत नाही. अर्थात न्यायालयापर्यंत जाण्याची वेळच येऊ नये, यासाठी मुदत व विनामोबदला राहण्याचा उल्लेख असलेले साधे पत्र दोघांच्या सह्यांनी करावे आणि सोसायटीच्या सचिवांना एक प्रत द्यावी. पैसे घेतले जाणार असतील तर बाब बदलते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते.

उरतो तो परतीचा दिवस. अमेरिकेहून येणारी बरीच विमाने मुंबईत रात्री उशिरा उतरतात आणि पुण्याचे प्रवासी घरी पोहोचेपर्यंत पहाट होते. म्हणून राखणाऱ्याने आदल्या दिवशी सामान हलवावे, चादरी-अभ्रे धुऊन अंथरावेत, पिण्याचे पाणी भरून ठेवावे आणि फ्रिजमध्ये अर्धा लिटर दूध ठेवून किल्ली शेजारी द्यावी.