'श्यामची आई' आणि टॉलस्टॉय यांच्यामध्ये फक्त दोन माणसं! पुस्तकं आणि लेखकांना जोडणारी ओळखींची साखळी नेमकी काय असते?

साने गुरुजी आणि लिओ टॉलस्टॉय. एक कोकणातल्या पालगडचा, दुसरा रशियातल्या यास्नाया पोल्यानाचा. टॉलस्टॉय १९१० मध्ये गेले, तेव्हा साने गुरुजी अवघे दहा-अकरा वर्षांचे होते. तरीही 'श्यामची आई' लिहिणाऱ्या हातापासून 'वॉर अँड पीस' लिहिणाऱ्या हातापर्यंत पोहोचायला मध्ये फक्त दोन माणसं लागतात. ती दोन्ही नावं तुम्हाला चांगली माहीत आहेत.

ही साखळी कशी तयार होते, तिच्यामागचं गणित काय आहे आणि साहित्याच्या इतिहासाबद्दल ती काय सांगते, हे समजून घेऊया.

आधी उत्तर: ती दोन माणसं कोण?

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत असत. त्याच तुरुंगात असलेले साने गुरुजी ती प्रवचनं उतरवून घेत. आज आपण वाचतो ते 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्या टिपणांमधून उभं राहिलं. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिलं.

विनोबा १९१६ मध्ये अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींना भेटले आणि त्यांचेच झाले. त्याआधी १९०९-१० मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या लढ्याच्या काळात, गांधीजी आणि टॉलस्टॉय यांचा पत्रव्यवहार झाला होता. म्हणजे साखळी अशी:

साने गुरुजी → विनोबा → गांधीजी → टॉलस्टॉय

कड्या तीन, मधली माणसं दोन. शिवाय साखळी टॉलस्टॉयपाशी थांबत नाही. टॉलस्टॉय आणि इव्हान तुर्गेनेव्ह यांची मैत्री होती. १८६१ मध्ये दोघांचं भांडण थेट द्वंद्वयुद्धाच्या आव्हानापर्यंत गेलं, पण ओळख ती ओळखच. तुर्गेनेव्ह हे फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेरचे जवळचे मित्र. म्हणजे आणखी दोन कड्या जोडल्या की 'श्यामची आई' 'मादाम बोव्हारी'ला जाऊन भिडते.

ही कल्पना आली कुठून?

गंमत म्हणजे या कल्पनेचा उगम एका कथेत आहे. हंगेरियन लेखक फ्रिजेश कारिंथी यांनी १९२९ मध्ये एक कथा लिहिली. तिच्या नावाचा अर्थ 'साखळीच्या कड्या'. जगाची लोकसंख्या तेव्हा दीड अब्जाच्या आसपास धरली जाई. यातल्या कोणत्याही माणसापर्यंत जास्तीत जास्त पाच ओळखीच्या माणसांमार्फत पोहोचता येतं, अशी पैज कथेतलं एक पात्र लावतं.

उदाहरणादाखल नाव निघतं ते एका लेखिकेचंच: स्वीडनच्या नोबेल विजेत्या सेल्मा लागरलॉफ. त्यांना नोबेल दिलं स्वीडनचे राजे गुस्ताव्ह यांनी. राजेसाहेबांना टेनिसचा नाद. ते हंगेरीचा अव्वल टेनिसपटू केर्लिंग याच्याबरोबर खेळलेले. आणि केर्लिंग निवेदकाच्या ओळखीचा. झालं काम!

पुढे १९६७ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना सांगण्यात आलं की हे पाकीट एका अनोळखी माणसापर्यंत पोहोचवा, पण फक्त आपल्या ओळखीच्या माणसाच्या हातून. यातल्या सर्वांत गाजलेल्या प्रयोगात तो अनोळखी माणूस बॉस्टन परिसरातला एक शेअर दलाल होता. पोहोचलेल्या पाकिटांना मध्ये सरासरी पाच-सहा माणसं लागली. १९९० मध्ये जॉन ग्वेअर यांच्या 'सिक्स डिग्रीज ऑफ सेपरेशन' या नाटकाने हा वाक्प्रचार घरोघरी नेला.

गणितज्ञांनी याचा स्वतःचा खेळ केला. पॉल एर्डिश या हंगेरियन गणितज्ञाने ५०० हून अधिक जणांबरोबर मिळून शोधनिबंध लिहिले. ज्याने त्यांच्याबरोबर लिहिलं त्याचा 'एर्डिश क्रमांक' १. त्या माणसाबरोबर लिहिणाऱ्याचा २. असं पुढे. सोशल मीडियाच्या काळात हे अंतर आणखी घटलं. फेसबुकने २०१६ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या कोणत्याही दोन वापरकर्त्यांमध्ये सरासरी साडेतीनच माणसं येतात.

साखळीचे नियम काय?

नियम ठरवले नाहीत तर खेळाला अर्थ राहत नाही. कारण 'दोघांनीही पुस्तकं लिहिली' एवढ्यावर कोणालाही कोणाशी जोडता येईल. म्हणून साधारण हे निकष धरावेत:

• प्रत्यक्ष भेट, नातं किंवा मैत्री: सर्वांत भक्कम कडी.
• दोन्ही बाजूंनी झालेला पत्रव्यवहार: चालतो. गांधीजी आणि टॉलस्टॉय कधीच भेटले नाहीत, पण दोघांनी एकमेकांना पत्रं लिहिली.
• एकत्र काम: संपादक आणि लेखक, प्रस्तावनाकार आणि कवी, नाटककार आणि दिग्दर्शक.
• फक्त वाचन किंवा अनुवाद: चालत नाही. दुर्गा भागवतांनी थोरोचं 'वॉल्डन' मराठीत आणलं, पण थोरो १८६२ मध्येच गेले होते. ते नातं मनाचं आहे, ओळखीचं नाही.
• एका फोटोत किंवा एका व्यासपीठावर असणं: एवढ्याने ओळख सिद्ध होत नाही. दुसरा पुरावा शोधावा.

'यमुनापर्यटन' ते 'द वेस्ट लँड'

आता जरा अवघड जोडी घेऊ. एका टोकाला बाबा पदमनजी यांचं 'यमुनापर्यटन' (१८५७). विधवांच्या स्थितीवरचं हे पुस्तक अनेक अभ्यासक मराठीतली पहिली कादंबरी मानतात. दुसऱ्या टोकाला टी. एस. एलियट यांची 'द वेस्ट लँड' (१९२२) ही इंग्रजी कविता.

तरुणपणी बाबा पदमनजी मुंबईच्या परमहंस सभेत होते. जातिभेद न मानणाऱ्यांची ही गुप्त मंडळी. तिच्या प्रमुख संस्थापकांपैकी एक म्हणजे मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर. दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे एक संस्थापक.

१८७८ मध्ये कलकत्त्याचा एक सतरा वर्षांचा मुलगा विलायतेला जाण्यापूर्वी मुंबईत याच आत्मारामांच्या घरी राहिला. इंग्रजी बोलण्याची आणि तिकडच्या रीतिरिवाजांची सवय व्हावी, म्हणून थोरल्या भावाने त्याला तिथे ठेवलं होतं. हा भाऊ म्हणजे सत्येंद्रनाथ टागोर, पहिले भारतीय आयसीएस अधिकारी. मुलाला शिकवण्याची जबाबदारी आली आत्मारामांची विलायतेत राहून आलेली मुलगी अन्नपूर्णा ऊर्फ ॲना हिच्यावर. त्या मुलाने तिला 'नलिनी' असं नाव दिलं. मुलाचं नाव रवींद्रनाथ टागोर.

१९१२ मध्ये रवींद्रनाथ लंडनला गेले, तेव्हा तिथल्या साहित्यवर्तुळात त्यांची अमेरिकन कवी एझ्रा पाउंडशी ओळख झाली. पाउंडने त्यांच्या कवितांचा हिरिरीने पुरस्कार केला. दहा वर्षांनी याच पाउंडने एलियटच्या लांबलचक हस्तलिखितावर कात्री चालवून 'द वेस्ट लँड'ला आजचं रूप दिलं. एलियटने ती कविता त्यालाच अर्पण केली.

बाबा पदमनजी → दादोबा → आत्माराम → रवींद्रनाथ → पाउंड → एलियट

कड्या पाच, मधली माणसं चार. ६५ वर्षांचं अंतर, दोन खंड, तीन भाषा.

आणि रवींद्रनाथ गांधीजींनाही ओळखत होते, म्हणजे ही साखळी पहिल्या साखळीला आपोआप जोडली गेली. साने गुरुजींपासून एलियटपर्यंतही पाचच कड्या: विनोबा, गांधीजी, रवींद्रनाथ, पाउंड, मग एलियट.

मराठीतून हिंदीत जायचं असेल तर?

तिथे तर एक घरच पूल आहे. मराठी कवी शरच्चंद्र मुक्तिबोध आणि हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध हे सख्खे भाऊ. गजानन माधवांच्या कविता १९४३ च्या 'तार सप्तक' या संग्रहात आल्या. त्याचे संपादक अज्ञेय. अज्ञेयांचा जैनेंद्र कुमारांशी निकटचा संबंध आणि जैनेंद्र हे प्रेमचंदांचे स्नेही. म्हणजे मराठी नवकवितेपासून 'गोदान'पर्यंत चार कड्या.

अंतर इतकं कमी का भरतं?

याची दोन मुख्य कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे 'जंक्शन' असलेली माणसं. रेल्वेत मनमाड किंवा भुसावळला जसे अनेक मार्ग मिळतात, तशी काही माणसांपाशी ओळखींची गर्दी असते. वरच्या साखळ्यांत गांधीजी, रवींद्रनाथ आणि पाउंड ही जंक्शन आहेत. मराठीत आचार्य अत्रे, पु. ल. देशपांडे आणि 'सत्यकथा'-'मौज'चे श्री. पु. भागवत ही अशीच ठिकाणं. लेखक एकमेकांना ओळखत नसले, तरी संपादक दोघांनाही ओळखतो.

दुसरं कारण म्हणजे लांबच्या, पातळ ओळखी. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये हा मुद्दा मांडला. जवळचे मित्र बहुधा आपल्याच वर्तुळात फिरतात, त्यामुळे ते आपल्याला नव्या जगात नेत नाहीत. ते काम जुजबी ओळखी करतात. रवींद्रनाथांचा तर्खडकरांकडचा मुक्काम थोड्याच काळाचा होता, पण दोन भाषांची साहित्यं त्या मुक्कामाने जोडली.

जी. ए. कुलकर्णींचंच बघा. धारवाडला राहणारा, सभा-संमेलनांपासून लांब असलेला हा लेखक. पण सुनीताबाई देशपांडेंशी त्यांचा पत्रव्यवहार होता. सुनीताबाईंची ती पत्रं 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात आहेत. म्हणजे मराठीतल्या सर्वांत एकांतप्रिय लेखकापासून सर्वांत माणसाळलेल्या पु.लं.पर्यंत अंतर फक्त दोन कड्यांचं!

पण न पोहोचलेल्या पाकिटांचं काय?

इथे या खेळाची दुसरी बाजू येते, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. मिलग्रॅमच्या त्या गाजलेल्या प्रयोगात २९६ जणांपासून सुरुवात झाली. शेवटपर्यंत पोहोचली फक्त ६४ पाकिटं. बाकीची वाटेत कुठेतरी थांबली. 'सहा पावलांचं जग' हा आकडा पोहोचलेल्यांवरून काढलेला आहे.

साहित्याचा इतिहासही असाच पोहोचलेल्यांवरून लिहिला जातो. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या ओव्या रचत. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी त्यातल्या काही उतरवून ठेवल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेव स्वतः कवी होते आणि आचार्य अत्र्यांपर्यंत त्यांची पोहोच होती. त्यांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली.

इथे साखळी होती फक्त दोन कड्यांची: बहिणाबाई, सोपानदेव, अत्रे. यातली एक कडी नसती, तर ती गाणी आज आपल्याकडे नसती. खानदेशातल्या, वऱ्हाडातल्या, कोकणातल्या ज्या बायकांचा मुलगा कवी नव्हता, त्यांच्या ओव्यांचं काय झालं असेल, याचं उत्तर त्यातच आहे.

नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला (१९७२) विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. ढसाळांची कविता स्वतःच्या ताकदीवर उभी आहे, यात शंका नाही. पण कामाठीपुऱ्याच्या त्या जगाकडे पांढरपेशा वाचकाला वळवण्यात अशा एका कडीचाही वाटा असतो. ओळख प्रतिभा देत नाही, पण प्रतिभेला दार मात्र उघडून देते. म्हणूनच ओळखी कोणाकडे आहेत आणि कोणाकडे नाहीत, हा प्रश्न साहित्यात निव्वळ गमतीचा राहत नाही.

स्वतःची साखळी कशी शोधाल?

घरातल्या कोणत्याही दोन पुस्तकांपासून सुरुवात करा. मग या जागा बघा:

१. अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश. आपण नेमकी हीच पानं उलटून पुढे जातो.
२. प्रस्तावना. ती कोणी लिहिली आणि का?
३. पत्रसंग्रह आणि आत्मचरित्रं. शेवटी नावांची सूची असेल तर काम सोपं होतं.
४. प्रकाशक आणि संपादक. दोन लेखकांचा प्रकाशक एकच असेल, तर बहुतेक वेळा साखळी तिथेच जुळते.
५. नातेवाईक. भाऊ, बहीण, सासर-माहेर यांतून भाषांच्या सीमाही ओलांडता येतात.

प्रत्येक कडीला किमान एक छापील पुरावा हवा. व्हॉट्सॲपवर 'पु.लं.ची कविता', 'कुसुमाग्रजांचं पत्र' म्हणून फिरणारा मजकूर पुष्कळदा त्यांचा नसतोच. तशा फॉरवर्डवर उभी केलेली कडी साखळीत धरू नका.

आणि सरावासाठी एक जोडी: 'बहिणाबाईंची गाणी' ते 'श्यामची आई'. एक धागा देतो. १९५३ मध्ये 'श्यामची आई'वर आलेल्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. त्याचे दिग्दर्शक कोण होते, ते आठवून बघा. नाव याच लेखात आलेलं आहे.