दाबाची हवा आणि डोळ्याचा पडदा



एका डोळ्यासमोर अचानक अंधार येतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणत बाई कामाला लागते. हे दुखणं काय आहे आणि त्यावर दाबाच्या हवेचा उपाय कुठून आला, ते आज आम्ही सांगणार आहोत.

1851 मध्ये जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचं यंत्र बनवलं. 1859 मध्ये तिथल्याच डॉक्टर ग्रेफे यांनी हृदयाचा आजार असलेल्या एका रुग्णाचा डोळा तपासला. पडद्याची मुख्य रक्तवाहिनी तुंबली, म्हणून नजर गेली, हे त्यांनी दाखवलं. कारण कळलं, पण उपाय नव्हता.

उपायाचा धागा पुलाच्या कामापर्यंत जातो. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना मजूर नदीच्या तळाशी, दाबाची हवा भरलेल्या पेटीत उतरून खोदत. वर आल्यावर त्यांचे सांधे असह्य दुखत, काहीजण दगावलेही. मुख्य इंजिनिअर रोबलिंग याच आजाराने घरी पडले. तेव्हा त्यांच्या पत्नी एमिली बांधकामाची विद्या शिकल्या, रोज कामावर सूचना पोचवू लागल्या. 1883 मध्ये पूल पुरा झाला.

असं का होई? सोड्याच्या बाटलीत दाबाने वायू विरघळतो, झाकण उघडताच बुडबुडे येतात. रक्तातही तसंच होतं, हे फ्रान्सच्या पॉल बेर यांनी 1878 मध्ये मांडलं. मग अशा रुग्णांना पुन्हा दाबाच्या खोलीत ठेवून हळूहळू बाहेर आणू लागले.

दाबाने प्राणवायूही रक्तात जास्त विरघळतो. 1960 मध्ये ॲमस्टरडॅमच्या डॉ. बोरेमा यांनी डुकरांच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या लाल पेशी काढूनही, दाबाच्या खोलीत प्राणवायू देऊन त्यांना जिवंत ठेवलं.

डोळ्याच्या पडद्याला दोन बाजूंनी रक्त मिळतं. पुढची वाहिनी तुंबली, तरी मागच्या थरातून हा जादा प्राणवायू पडद्याला मिळू शकतो. वाहिनी मोकळी होईपर्यंत पडदा तग धरावा, एवढीच त्यामागची आशा. हा उपाय सगळ्यांना लागू पडतोच असं नाही, आणि अशी खोली सगळीकडे नसते.

वेळ मात्र फार थोडा असतो. पंजाबात जन्मलेले डॉ. सोहनसिंग हयरे यांनी माकडांवर प्रयोग केले. सुमारे दीड तास पडदा टिकला, चार तासांनी कायमचा निकामी झाला. 2021 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननेही सांगितलं, की हा डोळ्याचा पक्षाघातच आहे. मेंदूलाही धोका असू शकतो.

म्हणून बीपी, साखर वा हृदयाचा त्रास असलेल्यांनी विशेष जपावं. नजर अचानक गेली, तर किती वाजता गेली ते लक्षात ठेवा. डोळा चोळू नका, घरचे थेंब घालू नका. 108 ला फोन करा, मोठ्या दवाखान्यात जा. नजर थोड्या वेळाने परत आली, तरी जा.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत एक गोष्ट ठरवून टाका: रात्री-अपरात्री गाडीभाड्याला गटातून पैसे लगेच कोण देईल? ‘सकाळी बघू’ म्हणायची वेळ कुणा बाईवर येऊ नये.