जहाजावरची शिकवणी : लोरां क्लेर

१८ जून १८१६. फ्रान्सच्या ल आव्र बंदरातून ‘मेरी ऑगस्टा’ हे जहाज अमेरिकेकडे निघाले. त्यावर तीस वर्षांचा एक बधिर शिक्षक होता, लोरां क्लेर. करार तीन वर्षांचा होता.

क्लेर लहानपणी चुलीत पडले. गालावर कायमचा व्रण राहिला. बाराव्या वर्षी ते पॅरिसच्या बधिर विद्यालयात आले. तेथे झाँ मास्यू या बधिर शिक्षकाने त्यांना खुणांतून शिकविले. उच्चार शिकविणाऱ्या एका पाद्र्याने मात्र ‘द’ आणि ‘त’ यांतला भेद जमेना म्हणून हनुवटीखाली असा ठोसा मारला की दातांखाली जीभ सापडली. त्यानंतर क्लेर यांनी बोलण्याचा नाद कायमचा सोडला.

जहाजावर सोबत होते हार्टफर्डचे थॉमस गॅलॉडेट. शेजारच्या डॉक्टर कॉग्सवेल यांची बधिर कन्या ॲलिस हिच्यासारख्या मुलांसाठी शाळा काढावी, म्हणून वर्गणी जमवून त्यांना युरोपला धाडले होते. ब्रिटनमध्ये ब्रेडवुड घराण्याने आपली अध्यापनपद्धती धंद्याचे गुपित म्हणून राखली होती आणि शिकायचे तर गुप्ततेची अट होती. पॅरिसने दार मोकळे ठेवले.

प्रवास ५२ दिवसांचा. क्लेर गॅलॉडेटना खुणा शिकवीत, गॅलॉडेट त्यांना इंग्रजी. क्लेर रोजनिशीही इंग्रजीतच लिहू लागले. म्हणजे शाळा उघडण्याआधी तिच्या संस्थापकालाच एका बधिर माणसाकडे धडे गिरवावे लागले. पुढे प्रसिद्धी बहुतांशी गॅलॉडेट यांच्या वाट्याला गेली, ही गोष्ट निराळी.

१५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डला ७ विद्यार्थ्यांनिशी शाळा सुरू झाली. त्यांत ॲलिस होतीच. निधीसाठी क्लेर गावोगाव हिंडले. लेखी भाषणे इतरांकडून वाचून घेतली, पाटीवर प्रश्नोत्तरे केली. १८१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने शाळेला जमीन दिली. त्याच वर्षी त्यांनी एलायझा बोर्डमन या बधिर विद्यार्थिनीशी विवाह केला. तीन वर्षांचा करार चार दशकांचा झाला. १८५८ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या फ्रेंच खुणा आणि मुलांच्या घरगुती खुणा मिसळून अमेरिकी सांकेतिक भाषा घडली. इंग्रजी समान असूनही ब्रिटिश बधिरांची भाषा तिच्याहून वेगळी आहे, त्याचे मूळ इथे.

१८६९ मध्ये क्लेर वारले. अकरा वर्षांनी मिलान येथे शिक्षकांची परिषद भरली. जवळजवळ सर्व प्रतिनिधी ऐकू येणारे होते. त्यांनी ठराव केला : बधिर मुलांना मुखाने बोलायलाच शिकवावे, खुणा वर्जित.