मिलोची भाकरी

आजी बार्शीकडची, शाळूच्या पांढऱ्या भाकरीवर वाढलेली. सहासष्ट सालचं सांगताना तिचा आवाज उतरायचा. रेशनवर लाल ज्वारी मिळायची, मिलो. “पिठाला वसवा म्हणून नव्हता बघ. उकळत्या पाण्यात मळलं तरी थापताना चिरायची. तव्यावर टाकेस्तोवर तीन तुकडे. आन् तुझा बाप इचारायचा, आपली ज्वारी कुठं गेली?”

पावसाने सलग दोन वर्षं दगा दिला होता. हे धान्य अमेरिकेचं. १९५६ साली पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली करार झाला, त्यात किंमत रुपयांत चुकवायची होती. परकीय चलनाची चणचण असलेल्या कोवळ्या देशाला ते सोयीचं वाटलं. १९६६ साली तर सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आलं. नेमकं याच काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी लांब मुदतीचे करार थांबवले आणि धान्य थोडं थोडं सोडायला सुरुवात केली. शेतीचं धोरण बदला, हा एक आग्रह. शिवाय व्हिएतनामच्या युद्धावर भारत टीका करतो, याचा राग. जहाज कधी सुटणार ते वॉशिंग्टनमध्ये ठरायचं आणि आजी बार्शीत पिशवी घेऊन उभी असायची.

त्या धान्याने माणसं जगली, माझे वडीलही. ते उपकार मी नाकारत नाही. पण उपाशी माणसाचं ताट असं पुढे-मागे सरकवणं मला आजही अक्षम्य वाटतं.

त्याच सहासष्ट साली मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आलं. कृषिमंत्री सुब्रमण्यम आणि कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन यांनी त्याचा पाठपुरावा केला होता. मागे नॉर्मन बोरलॉग यांचं संशोधन होतं. हीसुद्धा परदेशाचीच साथ, पण ती आपल्या मातीत पेरता आली. १९६८ साली उत्तरेत गहू इतका पिकला, की साठवायला शाळा रिकाम्या कराव्या लागल्या.

आजोबा मिलोबद्दल कधी बोलले नाहीत. त्यांच्याकडे एकच गोष्ट होती, पंतप्रधान शास्त्रीजींची. पासष्ट साली शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं, आणि आमच्या घरी सोमवारची रात्र ठरली. पोरांना तेवढी पेज मिळायची. पुढे शास्त्रीजी ताश्कंदला गेले ते परतलेच नाहीत. मग धान्य आलं, रेशनची रांग सरली, घरात पुन्हा शाळू आला.

आजोबा १९९१ साली वारले. तोवर सोमवारी रात्री ते जेवले नाहीत.