मतांचा वारसा आणि प्रश्नांचा वारसा : धर्मानंद, दामोदर आणि मीरा कोसंबी

मराठी वाङ्मयेतिहासात आणि विचारेतिहासात 'पिढी' ही संकल्पना इतकी रुळलेली आहे की तिची तपासणी करण्याची गरज आपल्याला सहसा भासत नाही. सुधारकांची पिढी, स्वातंत्र्यलढ्याची पिढी, साठोत्तरी पिढी असे विभाग आपण पाडतो आणि लगतच्या दोन पिढ्यांतील संबंध 'वारसा' किंवा 'बंड' यांपैकी एका शब्दाने सांगून मोकळे होतो. एखाद्या विचारवंताची राजकीय भूमिका त्याच्या आईवडिलांच्या भूमिकेशी ताडून पाहताना तर हे दोनच पर्याय समोर असतात. दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. राजकीय मत ही घरदार-जमिनीसारखी सिद्ध वस्तू असून पुढची पिढी ती स्वीकारते अथवा नाकारते, हे ते गृहीतक होय. कोसंबी घराण्यातील तीन पिढ्यांच्या लेखनाच्या आधारे या गृहीतकाची मर्यादा दाखवणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नाचा सैद्धान्तिक विचार नवा नाही. कार्ल मानहाइम यांनी १९२८ साली पिढ्यांच्या समस्येवर लिहिलेल्या निबंधात समवयस्कता आणि पिढी यांत भेद केला. एकाच काळात जन्मलेली माणसे एकाच ऐतिहासिक अनुभवाला परस्परविरोधी प्रतिसाद देतात व त्यातून एकाच पिढीच्या पोटात भिन्न एकके निर्माण होतात, हे त्यांचे प्रतिपादन आजही उपयुक्त आहे. पुढे अमेरिकेतील राज्यशास्त्रज्ञ केंट जेनिंग्ज आणि रिचर्ड नीमी यांनी १९६५ साली शालान्त वर्गातील मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या मतांची पाहणी केली. पक्षनिष्ठेच्या बाबतीत पालक व मुले यांच्यात बऱ्यापैकी मेळ आढळतो, परंतु अन्य अनेक प्रश्नांवर तो क्षीण असतो, असे त्यांना दिसून आले. साहित्यसमीक्षेच्या क्षेत्रात हॅरॉल्ड ब्लूम यांनी १९७३ साली मांडलेला प्रभावाच्या चिंतेचा सिद्धान्त पितापुत्रसंघर्षाचेच रूपक वापरतो : समर्थ कवी पूर्वसूरीचे हेतुपूर्वक अपवाचन करून स्वतःसाठी जागा निर्माण करतो. यांपैकी पाहणीची पद्धती मतांमधील अंतर मोजते, तर ब्लूम यांची पद्धती त्या अंतराला नाट्य देते. मत ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तयार झाले तो प्रश्न कोणाचा होता, हे मात्र दोन्हींत दुय्यम राहते.

महाराष्ट्रात या विषयाचा विचार करताना प्रथम आठवतात ते श्रीधर बळवंत टिळक. लोकमान्यांनी सामाजिक सुधारणेपेक्षा राजकीय स्वातंत्र्याला अग्रक्रम दिला. त्यांच्या पुत्राने १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समाज समता संघाची शाखा पुण्यातील गायकवाड वाड्यात उघडली आणि तेथे सहभोजन घडवून आणले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी आत्महत्या केली. ही घटना बंडाच्या चौकटीत सहज बसते आणि म्हणूनच ती पुन्हापुन्हा सांगितली जाते. परंतु लोकमान्यांचे निधन १९२० साली झाले होते. १९२८ मधील श्रीधरपंतांचा सामना हयात पित्याशी नव्हता. पित्याच्या नावावर हक्क सांगणाऱ्या अनुयायीवर्गाशी तो होता. म्हणजे हे उदाहरणही दिसते तितके सरळ नाही. कोसंबींचे उदाहरण त्याहून कमी नाट्यमय आणि म्हणूनच अधिक बोधप्रद आहे, कारण तेथे दोन्ही पक्षांचे विपुल लेखन उपलब्ध आहे.

धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) आणि दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांच्याविषयीचा रूढ समज थोडक्यात असा : वडील बौद्ध धर्माचे पंडित व गांधीवादी, मुलगा गणितज्ञ व मार्क्सवादी, एकाने अहिंसा सांगितली, दुसऱ्याने वर्गसंघर्ष. हा समज खोटा नाही, अपुरा आहे. गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेले धर्मानंद १८९९ साली बौद्ध धर्माच्या शोधात घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असा प्रवास करून ते सिंहलद्वीपास पोहोचले व तेथे त्यांनी भिक्षुदीक्षा घेतली. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी ते हार्वर्डला अनेकदा गेले. 'निवेदन' हे त्यांचे आत्मचरित्र १९२४ सालचे आहे. मात्र त्यांचे प्रत्यक्ष राजकारण त्यानंतरचे आहे. १९२९ साली ते लेनिनग्राडला गेले आणि परत आल्यावर १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला. म्हणजे केवळ 'निवेदन' वाचून धर्मानंदांची राजकीय प्रतिमा उभी करणारा वाचक त्या प्रतिमेचा उत्तरार्ध गमावून बसतो.

तो उत्तरार्ध 'हिंदी संस्कृति आणि अहिंसा' (१९३५) या ग्रंथात आहे. वैदिक, श्रमण, पौराणिक आणि पाश्चात्त्य अशा चार संस्कृतींचा आढावा घेऊन हा ग्रंथ अखेर अहिंसेच्या विचाराकडे येतो. येथील अहिंसा निव्वळ भूतदया नव्हे. प्रज्ञेवाचून अहिंसा पंगू ठरते हे त्यातील मध्यवर्ती सूत्र असून, समाजवादाविषयीची आस्था आणि त्यातील हिंसेविषयीचा नकार असा दुहेरी पवित्रा त्यात दिसतो. रशिया पाहून आलेला हा सत्याग्रही समाजवादाला परका नव्हता. तेव्हा मार्क्सवाद ही मुलाने बाहेरून घरात आणलेली चीज होती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. समाजवादाचा प्रश्न मुलाने आपले इतिहासलेखन आरंभण्यापूर्वीच घरात आलेला होता. त्याचे उत्तर निराळे निघाले.

हे निराळेपण नेमके कोठे आहे, हे पाहण्यासाठी दोघांनीही हाताळलेला एक विषय घेऊ. भारतातून बौद्ध धर्म लोप का पावला? धर्मानंदांच्या मते श्रमणसंघाला राजाश्रय मिळाला, विहारांना दाने मिळाली, भिक्षू परिग्रही झाले आणि तो परिग्रह टिकवण्यासाठी त्यांना राजांची व धनिकांची मर्जी सांभाळावी लागली. लोकांपासून तुटलेला संघ यथावकाश निष्प्रभ झाला. दामोदर कोसंबी यांनी 'ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी' (१९५६) या ग्रंथात आणि 'एग्झॅस्परेटिंग एसेज' (१९५७) मधील बौद्ध धर्माच्या ऱ्हासाविषयीच्या निबंधात हाच प्रश्न उचलला. त्यांचे लक्षही विहारांच्या संपत्तीवरच स्थिरावते. परंतु ही संपत्ती त्यांच्या दृष्टीने प्रथमतः नैतिक स्खलनाची खूण नाही. कार्ले, जुन्नर, कान्हेरी येथील लेणी दख्खनच्या व्यापारी मार्गांना लागून आहेत. सार्थवाहांना भांडवल पुरवणारे व त्यांच्या मालाला गिऱ्हाईक ठरणारे विहार एका टप्प्यावर उत्पादनव्यवस्थेला चालना देत होते. पुढे स्वयंपूर्ण खेड्यांची व्यवस्था प्रस्थापित झाली, दूरवरचा व्यापार आटला आणि विहारांत अडकून पडलेले धन व धातू समाजाला भार होऊन बसले. नांगरशेती आणि पंचांग घेऊन रानावनात शिरणारा ब्राह्मण त्या काळात अधिक उपयुक्त ठरला.

दोन्ही विवेचनांतील पुरावा बऱ्याच अंशी एकच आहे : विहार, दाने, साठलेले धन. पिता त्याला 'परिग्रह' म्हणतो, पुत्र त्याचे आर्थिक कार्य शोधतो. येथे मतभेद आहे आणि तो मूलगामी आहे. एका विवेचनात इतिहासाचे चलनवलन माणसांच्या शीलावर अवलंबून राहते, दुसऱ्यात उत्पादनसंबंधांवर. पण या मतभेदाला अर्थ येतो तो दोघेही एकाच प्रश्नापाशी उभे आहेत म्हणून. बौद्ध धर्माच्या पराभवाची खंत ज्या घरात नाही, तेथे वाढलेल्या मार्क्सवाद्याला हा प्रश्न इतका महत्त्वाचा वाटलाच असता असे नाही.

पद्धतीच्या बाबतीत हे नाते अधिक स्पष्ट होते. 'भगवान बुद्ध' या ग्रंथात धर्मानंदांनी गौतमाच्या गृहत्यागाची रूढ कथा, म्हणजे म्हातारा, रोगी व प्रेत दृष्टीस पडल्यामुळे आलेले वैराग्य, विश्वसनीय मानली नाही. सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताच्या आधारे, शस्त्र उगारून परस्परांशी झगडणाऱ्या लोकांना पाहून आलेला उद्वेग त्यांनी पुढे ठेवला. प्राचीन आणि उत्तरकालीन स्तर वेगळे करावयाचे, दंतकथेला तिच्या रचनेचा काळ विचारावयाचा, श्रद्धाळूंना काय आवडेल याची पर्वा करावयाची नाही, ही त्यांची शिस्त होती. बुद्धकालीन श्रमणांच्या मांसाहाराविषयी त्यांनी जे लिहिले त्यावरून मोठे वादळ उठले, तरी त्यांनी आपले विधान मागे घेतले नाही. दामोदरांनी सिद्ध केलेली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती (१९४८) किंवा 'मिथ अँड रिॲलिटी' (१९६२) मधील गीतेवरील निबंध वाचताना ही शिस्त ओळखीची वाटते. तिला त्यांनी नाण्यांच्या वजनांचे संख्याशास्त्र आणि पुण्याच्या परिसरातील पायी भ्रमंती यांची जोड दिली. 'अधिकृत' मार्क्सवाद्यांशी त्यांचे जे खटके उडाले, विशेषतः श्रीपाद अमृत डांगे यांच्या १९४९ सालच्या ग्रंथावर त्यांनी जी कठोर टीका केली, तिच्या मुळाशीही पुराव्याविषयीचा हाच आग्रह होता. आपल्या पक्षाच्या सोयीचे म्हणून विधान स्वीकारावयाचे नाही, हे वळण त्यांना मार्क्सच्या ग्रंथांतून मिळाले तसे घरातूनही मिळाले असावे, असा तर्क करण्यास जागा आहे.

तथापि या साम्याच्या आधारे दोघांत समेट घडवून आणणे ही दुसरी चूक ठरेल. धर्मानंदांनी १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्राम येथे प्रायोपवेशनाने देह ठेवला. शरीर निरुपयोगी झाले असता त्याचा शांतपणे त्याग करणे, ही त्यांच्या विचाराची तर्कशुद्ध परिणती होती. दामोदरांनी पुढील काळात जागतिक शांतता चळवळीत भाग घेतला आणि अणुशक्तीऐवजी सौरशक्तीचा पुरस्कार केला. युद्धविरोध दोघांतही आहे, पण त्यांचे आधार एक नाहीत. पित्याच्या लेखी युद्धाचे मूळ तृष्णेत आहे, पुत्राच्या लेखी साम्राज्यवादी अर्थव्यवस्थेत. या दोन उत्तरांतून दोन वेगळी राजकारणे निघतात आणि निवड टाळता येत नाही. 'अखेर दोघेही मानवतावादी होते' असे म्हणणारी समीक्षा दोघांचेही मोल कमी करते.

आतापर्यंतच्या विवेचनात एक उणीव राहिली आहे. विषय 'आईवडिलांच्या' मतांचा असताना आपण केवळ वडिलांविषयी बोलत आलो. १८९९ साली धर्मानंदांनी घर सोडले तेव्हा त्यांची पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे राहिल्या. धर्मानंदांचे 'निवेदन' आहे, पण त्याच्या जोडीला ठेवता येईल असे बाळाबाईंचे 'निवेदन' आपल्यापुढे नाही. त्यामुळे गृहत्यागाची कथा आपण त्यागाच्या परिभाषेत वाचतो. मागे राहिलेल्या व्यक्तीने त्याला काय म्हटले असते, याचा विचार आपल्या वाचनात येत नाही.

या ठिकाणी तिसऱ्या पिढीचे कार्य महत्त्वाचे ठरते. दामोदरांच्या कन्या मीरा कोसंबी (१९३९–२०१५) या समाजशास्त्राच्या अभ्यासक. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातील स्त्री-अभ्यास केंद्राचे संचालकपद त्यांनी भूषवले. पंडिता रमाबाई, आनंदीबाई जोशी, काशीबाई कानिटकर यांच्यावरील त्यांच्या संशोधनाने एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचे चित्र बदलले. त्यांनीच आजोबांच्या 'निवेदन'चा इंग्रजी अनुवाद सिद्ध केला (२०११) आणि वडिलांविषयीच्या लेखांचा संग्रहही संपादित केला (२०१३). वरवर पाहता हे घराण्याचे ऋण फेडणे आहे. परंतु त्यांच्या स्वतःच्या संशोधनाचा विषय पाहिला असता वेगळा अर्थ दिसू लागतो. सुधारकाच्या घरात स्त्रीचे काय झाले, तिचा आवाज कोठे ऐकू येतो व कोठे दबतो, हा प्रश्न आजोबांच्या अहिंसेने किंवा वडिलांच्या उत्पादनसंबंधांनी मध्यवर्ती मानलेला नव्हता. तो नातीने मानला. आजोबांचा ग्रंथ तिने नाकारला नाही. तो नव्या वाचकांपुढे ठेवला आणि ज्या प्रकारचे प्रश्न त्याला विचारता येतील त्यांची परंपरा आपल्या अन्य लेखनातून उभी केली.

समीक्षेच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की लेखकाच्या राजकीय भूमिकेचा घराण्याशी असलेला संबंध मतांच्या यादीवरून ठरवता येत नाही. कोणता प्रश्न घरात जिवंत होता आणि पुरावा कशाला म्हणावयाचे याविषयी घराचे वळण काय होते, हे पाहावे लागते. मते बदलली तरी प्रश्न टिकू शकतो. उलट मते जशीच्या तशी राहून प्रश्न मरूनही जातो, आणि अनुयायांच्या बाबतीत बहुधा हेच घडते. दुसरी गोष्ट साधनांची आहे. पितापुत्रांची तुलना आपल्याला सहज साधते, कारण दोघांचे छापील लेखन आपल्यापुढे असते. आईच्या मतांचा हिशेब मांडावयाचा तर पत्रे, आठवणी, घरात घेतलेले निर्णय आणि मौनही वाचावे लागेल. तोवर आपल्या विचारेतिहासातील 'पिढी' म्हणजे लिहित्या पुरुषांची वंशावळच राहणार, हे ध्यानात ठेवून तो शब्द वापरलेला बरा.