पाण्यातल्या जंतूंची वंशावळ



गावात एकाच नावाची दोन माणसे असली, म्हणजे आपण बापाचे नाव विचारतो, मग आजोबांचे. दक्षिण महाराष्ट्रात तर हेळवी येऊन सगळी वंशावळच वाचून दाखवतो. पाण्यातल्या जंतूंच्या बाबतीत शास्त्रज्ञांना हेच करावे लागले. त्याची ही हकीकत.

१८८४ साली डॉ. रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यास पटकीच्या रोग्यांत आणि तेथल्या एका तळ्याच्या पाण्यातही स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू सापडला. पुढे कळले की, याच जातीचे पुष्कळ जंतू नद्यांच्या व खाड्यांच्या पाण्यात एरवीही राहतात. रक्तद्रवाच्या परीक्षेने त्यांचे दोनशेहून अधिक गट पडतात. मोठ्या साथी आणतात ते त्यांतले दोनच. सूक्ष्मदर्शकातून पाहावे, तर सगळे सारखे! मग ओळखायचे कसे?

जंतूच्या शरीरात डीएनए नावाचा एक लांबलचक धागा असतो. त्यावर चार अक्षरांच्या लिपीत त्याचा सारा वारसा लिहिलेला असतो. पटकीच्या जंतूची अशी सुमारे ४० लाख अक्षरे २००० साली संपूर्ण वाचली गेली. आता पोथीची नक्कल करताना लेखनिकाची एखादी चूक होते, आणि त्या प्रतीवरून केलेल्या पुढच्या प्रतींतही तीच चूक उतरते. जंतूंचेही तसेच. ज्यांच्या चुका जुळतात ते जवळचे भाऊबंद.

ही विद्या हैती देशात कसाला लागली. तिथे शंभर वर्षांत पटकीची नोंद नव्हती. जानेवारी २०१० मध्ये भूकंप झाला आणि ऑक्टोबरात आर्तिबोनित नदीकाठी पटकी उसळली. कोणी म्हणे, जंतू तिथल्याच पाण्यातला. कोणी म्हणे, बाहेरून आला. नदीच्या वरच्या अंगाला, एका उपनदीकाठी, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील नेपाळी तुकडीची छावणी होती. २०११ साली हैतीचे आणि नेपाळचे जंतू अक्षर न् अक्षर ताडून पाहिले. काहींत ४० लाखांपैकी फरक निघाला एका-दोन अक्षरांचा! वाद बहुतांशी तिथेच मिटला. २०१६ साली राष्ट्रसंघाचे सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची क्षमा मागितली. साथीत सुमारे दहा हजार माणसे दगावली होती.

यात नेपाळी माणसाला बोल लावायचे कारण नाही. जंतूला ना देश, ना जात. छावणीच्या मैल्याची नीट व्यवस्था नव्हती आणि खालची वस्ती तेच पाणी पीत होती, हे खरे कारण. वंशावळीने जंतू कुठून आला ते कळते. त्याची वाट अडवायची ती आपणच. तेव्हा मंडळी, विहिरीचा कठडा, संडासाचे अंतर आणि पाण्यातले औषध, या तीन गोष्टींवर नजर असू द्या. आणि गुरुजी, ही पोथीतल्या चुकांची गोष्ट वर्गात मुलांना जरूर सांगा.