तबकडीवर नसलेले नाव

असई हे आज जालना जिल्ह्यातील एक लहानसे गाव. 23 सप्टेंबर 1803 रोजी तेथे आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. त्या काळच्या युरोपीय पद्धतीच्या घोडदळात हुकूम पोचविण्यासाठी ट्रम्पेट वाजवीत. दौड, वळण, माघार यांच्या ठरलेल्या खुणा, एवढीच त्याची भाषा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ऑस्ट्रियामध्ये हुमेल या संगीतकाराने ट्रम्पेटसाठी एक कॉन्चेर्तो लिहून पुरा केला आणि 1 जानेवारी 1804 रोजी एस्टरहाझी घराण्याच्या दरबारी आन्टोन वाइडिंगर याने तो वाजविला. एकच वाद्य एकीकडे हुकमाचे ताबेदार होते आणि दुसरीकडे स्वतंत्र वक्ता होऊ पाहत होते. आपल्याकडे या वक्त्याचे पुढे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे.

साध्या नळीच्या ट्रम्पेटमधून मोजकेच स्वर निघतात. आपल्या तुतारीची आणि शिंगाची मर्यादा हीच आहे. वाइडिंगरने नळीला भोके पाडून त्यांवर कळा बसविल्या, आणि पुढे 1818 च्या सुमारास जर्मनीत झडपांची योजना निघाली. तीन पिस्टनांच्या आजच्या ट्रम्पेटला बाराही स्वर मिळाले ते या वाटेने. तरीही एकलवादकासाठी रचना थोड्याच होत्या. विसाव्या शतकात फ्रान्सच्या मोरिस आन्द्रे (1933–2012) याने ही उणीव ओबो, बासरी, व्हायोलिन यांच्यासाठी लिहिलेल्या रचना ट्रम्पेटवर आणून भरून काढली. पोरवयात कोळशाच्या खाणीत राबलेल्या या वादकाच्या नावावर तीनशेहून अधिक ध्वनिमुद्रिका आहेत. येथे ‘नावावर’ हा शब्द महत्त्वाचा.

मराठी साहित्यात या जातीच्या वाद्याला मानाचे स्थान आहे, पण ते रूपक म्हणून. केशवसुतांची ‘तुतारी’ (1893) नव्या युगाची हाक झाली आणि तुतारी हा शब्द कायमचा आवाहनाशी जोडला गेला. ट्रम्पेटच्या वाट्याला असे काव्य आले नाही. तो लष्करी बँडबरोबर छावण्यांत आला (जालन्यातही एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखालील अशी छावणी होती) आणि तेथून लग्नाच्या वरातीत उतरला. त्याला संगीताची लिखित विद्या लाभली ती मात्र गोव्यात. पोर्तुगीज अमलातील चर्चच्या संगीतशाळांत गावची मुले पाश्चात्त्य स्वरलेखन वाचावयास शिकत. पुढे उपजीविकेसाठी मुंबईस आलेल्या वादकांच्या पिढ्या याच शाळांत घडल्या.

त्यांपैकी आंतोनियो शाव्हियेर वाझ (1916–1967) हे बार्देशातील हळदोण्याचे. मुंबईच्या जाझप्रेमी वर्गात ते ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले जात. त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँगही म्हणत. ताजमहाल हॉटेलातील वाद्यवृंदांत ते वाजवीत, स्वतःच्या वाद्यवृंदाच्या जाझ तबकड्याही त्यांनी काढल्या. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांशी त्यांचा सहयोग जमला आणि ‘समाधी’ (1950), ‘अलबेला’ (1951) यांसारख्या चित्रपटांच्या संगीताला एक नवा नाद आला. ‘अलबेला’त तर ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. ‘नादान’ (1951) व ‘रंगीली’ (1952) या चित्रपटांना त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले.

चित्रपटगीताच्या तीनएक मिनिटांत ट्रम्पेटला मिळणारी जागा काही सेकंदांची असते. दोन कडव्यांच्या मधल्या त्या जागेत वादकाला कधी लॅटिन अमेरिकी ताल पेलावा लागे, कधी जाझचा उत्स्फूर्त झोत, तर कधी रागाची छाया. ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. पिस्टन दाबला की स्वर सुटा आणि ठाम येतो. मींड काढावयाची तर पिस्टन अर्धा दाबून, ओठांच्या ताणावर स्वर सरकवावा लागतो. वैविध्याच्या निकषावर पाहिले तर आन्द्रेच्या तोडीचे काम येथे अज्ञातपणे झाले. पण तबकडीवर गायकाचे, संगीतकाराचे, चित्रपटाचे नाव छापले जाई. वादकाचे सहसा नसे. चिक चॉकलेट यांना निदान टोपणनाव तरी लाभले. त्यांच्या शेजारी बसून वाजविणाऱ्या कितीकांची एकही ओळ त्यांच्या नावे सिद्ध करता येत नाही.

हे वाद्याच्या दुय्यमपणामुळे झाले असे म्हणता येणार नाही. मडगावकडच्या क्रिस पेरी (1928–2002) यांचे उदाहरण पाहावे. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजविणारे पेरी वाद्यवृंदाचे प्रमुख आणि रचनाकार होते. लॉर्ना यांनी गायिलेल्या त्यांच्या कोंकणी गीतांमुळे त्यांचे नाव आजही घरोघर आहे. तेथे वादक हाच कर्ता होता, म्हणून नाव उरले. चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणगृहात तो रोजंदारीवरचा कारागीर होता, म्हणून नाव गेले.

साहित्याच्या अभ्यासकांना अनामिकता नवी नाही. जात्यावरच्या ओवीला कर्त्रीचे नाव नसते, कारण ती तोंडोतोंडी फिरताना अनेकींची होऊन गेलेली असते. तबकडीवरील अनामिकता या जातीची नव्हे. येथे कर्ता एकच होता, त्या दिवशी तेथे हजर होता आणि त्याचा श्वास जसाच्या तसा मुद्रित झाला आहे. त्याचे नाव परंपरेने नव्हे, व्यवहाराने पुसले. या दोहोंना एकच ‘अज्ञात’ शब्द लावणे म्हणजे त्या व्यवहाराला लोकपरंपरेची प्रतिष्ठा बहाल करणे होय. म्हणून ध्वनिमुद्रणाचा इतिहास केवळ छापील नाममुद्रांवरून लिहिता येत नाही. हस्तलिखितांच्या अभ्यासकाने अक्षरवळण ओळखावे तसे येथे फुंकीचे वळण, स्वर सोडण्याची लकब कानांनी ओळखावी लागेल.

या कथेला आणखी एक वळण आहे. मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली ही गाणी मराठवाड्यातील वरातींपर्यंत पोचली, तेव्हा बँडपथकातील ट्रम्पेटने मधल्या जागा नव्हे, तर खुद्द गायकाची चाल उचलली. मूळ तबकडीत जो आवाज गाण्याच्या फटीत उभा होता, तो जालन्याच्या रस्त्यावर मुख्य गायक झाला. तेथेही वाजविणाऱ्याचे नाव कोणी विचारले नाही. असईच्या मैदानावरील हुकमाच्या ताबेदाराला स्वतःचा स्वर मिळून दोन शतके उलटली. त्याच्या स्वराखाली त्याचे नाव लिहिण्याचे काम अजून बाकी आहे.